‘नो सिग्नल’ वारंवार का येते : नवा कॉम्प्युटर, जुना व्हीजीए मॉनिटर आणि मधला कन्व्हर्टर

नवा कॉम्प्युटर घेतला, जुना मॉनिटर चांगला चालत होता म्हणून तोच ठेवला, दुकानदाराने मध्ये एक छोटा कन्व्हर्टर लावून दिला, पहिले काही दिवस सगळे सुरळीत चालले आणि मग एके दिवशी काम चालू असतानाच पडदा काळा होऊन त्यावर ‘नो सिग्नल’ अशी पाटी फिरू लागली, ही तक्रार गेल्या काही वर्षांत जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून माझ्याकडे सर्वांत जास्त वेळा आली आहे. फोनवरचे पहिले वाक्य बहुतेक वेळा एकच असते : “भाऊ, पडदा कायाच शे”, म्हणजे काळाच आहे. त्यानंतर जे उपाय केले जातात तेही ठरलेले असतात. रॅम काढून रबराने पुसली जाते, विंडोज नव्याने टाकले जाते, एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा, बदलला जातो आणि शेवटी मॉनिटर खराब झाला असे ठरवून तो भंगारात दिला जातो. माझ्या अनुभवात अशा मॉनिटरांपैकी फारच थोडे खरोखर बिघडलेले होते. दोष दोघांच्या मधल्या जोडणीत असतो आणि तो समजण्यासाठी चित्राची केबल लावायचे जुने व नवे पोर्ट (खाचा) एकमेकांशी कसे वागतात हे एकदा नीट पाहावे लागते.

काही उघडण्याआधी दोन मिनिटांची तपासणी करावी. मॉनिटरला जोडलेली डिस्प्लेची केबल काढून टाकावी, विजेची केबल तशीच ठेवावी आणि मॉनिटर चालू करून त्याचे मेनूचे बटण दाबावे. मेनू किंवा ‘केबल जोडलेली नाही’ असा संदेश स्वच्छ दिसला तर पडदा, त्यामागचा दिवा आणि वीजपुरवठ्याचा बोर्ड हे तिन्ही शाबूत आहेत, असे समजून पुढे जावे. दुसरे असे की, मॉनिटरला एकापेक्षा जास्त इनपुट असतील तर केबल ज्या पोर्टमध्ये आहे तेच इनपुट मेनूमध्ये निवडलेले आहे का, हे पाहावे. तिसरी गोष्ट कॅबिनेटच्या मागे वाकून पाहायची आहे. कॉम्प्युटरमध्ये वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवलेले असेल तर केबल त्या कार्डावरच्या, म्हणजे खालच्या आडव्या पट्टीवरच्या पोर्टमध्ये असली पाहिजे. वर मदरबोर्डवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य बोर्डावर, दिसणाऱ्या पोर्टमध्ये ती लावली तर पुष्कळदा काहीच दिसत नाही. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेरीस ‘एफ’ हे अक्षर असते त्यांत अंगचे ग्राफिक्स नसतेच, त्यामुळे अशा कॉम्प्युटरमध्ये मदरबोर्डवरचे एचडीएमआय हे नव्या पद्धतीचे पोर्ट दिसायला असले तरी त्यातून चित्र कधीच येणार नाही.

हे तिन्ही ठीक असूनही पडदा काळाच राहत असेल किंवा मध्येच जात असेल, तर पुढचे सविस्तर वाचावे.

ज्या प्रकरणाने मला हा दोष खरा समजला ते सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्याच्या कार्यालयातले आहे. तिथे १८.५ इंची जुना मॉनिटर होता, त्याला फक्त व्हीजीए हे जुन्या पद्धतीचे पोर्ट होते आणि नव्याने घेतलेल्या छोट्या कॉम्प्युटरला एक एचडीएमआय व एक डिस्प्लेपोर्ट हे नव्या पद्धतीचे पोर्ट एवढेच. मध्ये एचडीएमआयमधून व्हीजीए करणारा, बोटभर लांबीचा कन्व्हर्टर लावलेला होता. सकाळी सगळे व्यवस्थित चाले. दुपारी, ट्रक भरण्याच्या आणि पावत्या काढण्याच्या ऐन घाईत, पडदा दोन-तीन सेकंद काळा होई, परत येई, पुन्हा जाई आणि तासाभराने कायमचाच जाई. पहिल्या खेपेला मी कन्व्हर्टर बदलला. आठ दिवस बरे गेले. दुसऱ्या खेपेला केबल बदलली. चार दिवस बरे गेले. तिसऱ्या खेपेला व्यापारी नाना मला म्हणाले, “तुम्ही सकाळी येता म्हणून तुम्हाला दिसत नाही, दुपारी या.” त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. मे महिना होता आणि आमच्याकडे त्या दिवसांत पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. दुपारी दोनला पडदा गेल्याबरोबर मी कन्व्हर्टरला हात लावला तर बोट टेकवून ठेवता येईना. तो काढून पाच मिनिटे माठाजवळच्या थंड फरशीवर ठेवला आणि परत लावला, तेव्हा चित्र लगेच आले. नवा कन्व्हर्टर आणला तरी तोच प्रकार होई, कारण दोष त्या एका नगाचा नव्हता. त्याला मिळणारी वीजच अपुरी होती.

याचे कारण असे. व्हीजीए हे अॅनालॉग पोर्ट आहे. लाल, हिरवा आणि निळा या तीन रंगांची पातळी ते तीन तारांवरून कमीजास्त होणाऱ्या विद्युतदाबाच्या रूपात पाठवते. एचडीएमआय व डिस्प्लेपोर्ट हे डिजिटल आहेत, त्यांच्या तारांवरून आकडे जातात. म्हणून एकातून दुसऱ्यात जाण्यासाठी केवळ तारांची अदलाबदल पुरत नाही. आकड्यांचे अॅनालॉग संकेतात रूपांतर करणारी चिप त्या छोट्या डबीत असते आणि चिप म्हटली की तिला वीज लागते. एचडीएमआयच्या १९ पिनांपैकी अठराव्या पिनवर ५ व्होल्ट मिळतात हे खरे. परंतु ती पिन मुळात मॉनिटरची ओळख वाचण्यापुरती दिलेली आहे आणि मानकाप्रमाणे कॉम्प्युटरने तिच्यावर किमान ५५ मिलिअँपिअर एवढाच प्रवाह देणे बंधनकारक आहे. काही कॉम्प्युटर त्याहून बराच जास्त देतात आणि तिथे कोणताही कन्व्हर्टर वर्षानुवर्षे चालतो. काही मात्र नेमून दिले तेवढेच देतात आणि रूपांतर करणाऱ्या चिपची भूक त्याहून मोठी असते. मग विद्युतदाब खाली येतो, चिप अडखळते, तापते आणि हवा गरम असेल तर लवकर हार मानते. एकाच पेटीतला कन्व्हर्टर एका कार्यालयात चालतो आणि शेजारच्या कार्यालयात चालत नाही, ते यामुळे.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही स्वस्त आहेत. पहिला म्हणजे बाजूला वीज घेण्याचे छोटे छिद्र असलेला कन्व्हर्टर घ्यावा; त्यात मोबाइलच्या जुन्या चार्जरसारखी मायक्रो-यूएसबी वायर लावून तिचे दुसरे टोक कॉम्प्युटरच्या यूएसबी पोर्टमध्ये घालावे. ही वायर पुष्कळदा कन्व्हर्टरच्या पेटीतच असते, पण ‘तिच्याशिवायही चालते’ असे पाहून लोक ती बाजूला टाकतात. ती पहिल्या दिवसापासून लावावी. दुसरा उपाय मला अधिक पसंत आहे : कॉम्प्युटरला डिस्प्लेपोर्ट असेल तर एचडीएमआयऐवजी त्यातून व्हीजीए करणारा कन्व्हर्टर घ्यावा. डिस्प्लेपोर्टच्या विसाव्या पिनवर ३.३ व्होल्ट आणि ५०० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह मिळण्याची सोय मानकातच आहे, कारण अशा कन्व्हर्टरांचा विचार तिथे सुरुवातीपासून केलेला आहे. सावद्याला मी हेच केले. नानांच्या कॉम्प्युटरचे डिस्प्लेपोर्ट रिकामेच पडलेले होते. त्यानंतर आलेला पुढचा पूर्ण उन्हाळा त्या मॉनिटरने एकदाही न जाता काढला.

मुळात ही वेळ का आली हेही थोडक्यात सांगतो, कारण ‘जुने ते चांगले होते, कंपन्यांनी उगाच बदलले’ असे मला वारंवार ऐकावे लागते. व्हीजीए आयबीएमने १९८७ मध्ये आपल्या पीएस/२ कॉम्प्युटरांबरोबर आणले, त्या वेळी मॉनिटर काचेच्या नळीचे होते आणि त्यांना अॅनालॉग संकेतच हवा असे. पुढे सपाट पडदे आले. ते आतून डिजिटल असतात, त्यामुळे कॉम्प्युटरमधल्या आकड्यांचे अॅनालॉग करायचे आणि मॉनिटरमध्ये त्याचे पुन्हा आकडे करायचे असा उलटसुलट प्रवास सुरू झाला आणि त्यात अक्षरांच्या कडा पुसट होऊ लागल्या. हा प्रवास टाळण्यासाठी १९९९ मध्ये डीव्हीआय, २००२ च्या अखेरीस टीव्ही बनवणाऱ्या कंपन्यांच्या पुढाकाराने एचडीएमआय आणि २००६ मध्ये व्हेसा या संस्थेचे डिस्प्लेपोर्ट आले. डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी, डेल, लेनोवो, सॅमसंग आणि एलजी यांनी मिळून व्हीजीए २०१५ पर्यंत हळूहळू बंद करण्याचे जाहीर केले. इंटेलच्या २०१५ सालच्या प्रोसेसरपासून व्हीजीएचा थेट आधार गेला. त्यानंतरच्या अनेक मदरबोर्डांवर निळे व्हीजीए पोर्ट अजून दिसते, पण ते आतल्या एका रूपांतर चिपवर चालते. म्हणजे कन्व्हर्टर तिथेही आहेच, फक्त बोर्डावर बसवलेला आहे आणि त्याला वीज पुरेशी मिळते. तात्पर्य, बदलाला कारण होते. आपल्याकडे अडचण एवढीच की मॉनिटर दहा-पंधरा वर्षे टिकतो, कॉम्प्युटर त्याआधी बदलावा लागतो आणि चालता मॉनिटर टाकून देणे कोणाच्याही मनाला पटत नाही. मलाही पटत नाही.

वीज पुरेशी असूनही चित्र येत नसेल किंवा चुकीच्या आकाराचे येत असेल तर दोष मॉनिटरची ओळख पटण्यातला असतो. प्रत्येक मॉनिटरच्या आत त्याची माहितीपत्रिका साठवलेली असते, तिला ईडीआयडी म्हणतात. तिचा मूळ भाग केवळ १२८ बाइटचा असतो आणि त्यात मॉनिटर कोणाचा, त्याचा पडदा किती गुणिले किती बिंदूंचा, सेकंदाला किती वेळा चित्र बदलू शकतो, हे लिहिलेले असते. केबल जोडल्याबरोबर कॉम्प्युटर ती वाचतो आणि त्याप्रमाणे चित्र पाठवतो. व्हीजीए केबलमध्ये ही पत्रिका वाचण्याच्या तारा बाराव्या आणि पंधराव्या पिनवर असतात आणि नववी पिन ५ व्होल्टची असते. जुन्या किंवा फार स्वस्त केबलींत या तारा टाकलेल्याच नसतात. पूर्वी त्याने विशेष बिघडत नसे, कारण कॉम्प्युटरचे अॅनालॉग पोर्ट समोरून उत्तर आले नाही तरी काहीतरी चित्र पाठवत राही. नवे पोर्ट आधी विचारते आणि मगच पाठवते.

अमळनेरकडच्या एका शाळेत प्रोजेक्टरसाठी भिंतीतून पंधरा मीटरची व्हीजीए केबल नेलेली होती आणि नवा लॅपटॉप लावल्यावर चित्र ६४० गुणिले ४८० च्या वर जायला तयार नव्हते. भिंतीवर चार मोठी अक्षरे दिसत आणि धडा अर्धा बाहेर राही. केबलचे टोक उजेडात धरून पाहिले तेव्हा मधल्या ओळीतली नववी आणि खालच्या ओळीतली बारावी अशा दोन पिनांच्या जागी नुसती छिद्रे होती. येथे एक सावधगिरी सांगतो : व्हीजीएची नववी पिन नसणे ही पूर्वीची रीत असल्याने ती एकटी नसली म्हणून केबल वाईट ठरत नाही, परंतु बारावी किंवा पंधरावी नसेल तर मॉनिटरची ओळख कॉम्प्युटरपर्यंत पोहोचू शकत नाही. भिंत फोडून केबल बदलणे शाळेला शक्य नव्हते. म्हणून लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यावरून डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन प्रोजेक्टरसाठी १०२४ गुणिले ७६८ आणि ६० हर्ट्झ (सेकंदाला ६० वेळा चित्र) असे हाताने ठरवावे लागले, आणि त्यासाठी ग्राफिक्स ड्रायव्हरच्या, म्हणजे चित्र हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, नियंत्रण पटलात तो आकार स्वतंत्रपणे नोंदवावा लागला.

याच्या उलटही घडते. काही कन्व्हर्टर मॉनिटरला न विचारताच स्वतःची साठवलेली पत्रिका कॉम्प्युटरला दाखवतात आणि तिच्यात १९२० गुणिले १०८० लिहिलेले असते. मागे चौकोनी जुना मॉनिटर असला तर त्याला ते पेलत नाही आणि तो ‘आउट ऑफ रेंज’ किंवा ‘इनपुट नॉट सपोर्टेड’ असे म्हणून गप्प बसतो. हा संदेश आणि ‘नो सिग्नल’ हे दोन्ही वेगळे आजार आहेत, हे लक्षात ठेवावे. ‘नो सिग्नल’ म्हणजे काहीच पोहोचले नाही; ‘आउट ऑफ रेंज’ म्हणजे पोहोचले, पण मॉनिटरच्या आवाक्याबाहेरचे आहे. दुसऱ्या प्रकारात वीज, केबल, रॅम यांपैकी कशालाही हात लावण्याची गरज नसते. मॉनिटरची खरी पत्रिका पुढे देणारा कन्व्हर्टर घेणे हाच त्यावरचा टिकाऊ उपाय आहे.

खान्देशात आणखी एक प्रकार हमखास दिसतो आणि तो लाइट गेल्यानंतरचा आहे. लाइट परत येताच कॉम्प्युटर आपोआप चालू होतो, मॉनिटर मात्र बटण दाबेपर्यंत बंद राहतो, किंवा कॉम्प्युटर यूपीएसवर आणि मॉनिटर साध्या बोर्डावर असतो. डिजिटल पोर्टमध्ये एक पिन समोर कोणी जोडलेले आहे का एवढेच सांगण्यासाठी असते. तिच्यावर होकार मिळाला नाही तर कॉम्प्युटर त्या पोर्टवर चित्र पाठवायलाच सुरुवात करत नाही आणि नंतर मॉनिटर चालू केला तरी काही वेळा त्याची दखल घेत नाही. डिस्प्लेपोर्टवर हे जास्त जाणवते. उपाय साधा आहे : आधी मॉनिटर चालू करावा, पाच-सहा सेकंद थांबावे, मग कॉम्प्युटर चालू करावा आणि दोन्ही एकाच यूपीएसवर ठेवावेत. कॉम्प्युटर आधीच चालू झालेला असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकदम दाबून पाहावीत. त्याने ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, पडदा लुकलुकतो आणि उघडलेली कामे तशीच राहतात. त्यानेही भागले नाही तर दोन्हीच्या विजेच्या केबली बोर्डातून काढून मिनिटभर थांबावे, कारण केवळ बटणाने बंद केलेल्या मॉनिटरच्या आत थोडी वीज चालूच असते आणि अर्धवट राहिलेली ओळख तशीच अडकून राहते.

आता दिशेचा प्रश्न. एका बाजूला डिस्प्लेपोर्ट आणि दुसऱ्या बाजूला एचडीएमआय अशी केबल सरसकट ‘डीपी टू एचडीएमआय’ म्हणून विकली जाते आणि घेणाऱ्याला वाटते की दोन टोके जुळली म्हणजे झाले. ती केबल एकाच दिशेने चालते : डिस्प्लेपोर्टचे टोक कॉम्प्युटरमध्ये आणि एचडीएमआयचे टोक मॉनिटर किंवा टीव्हीमध्ये. कॉम्प्युटरच्या अनेक डिस्प्लेपोर्टांना गरज पडल्यास एचडीएमआयची भाषा बोलता येते आणि केबलमधली एक पिन त्यांना तशी सूचना देते. एचडीएमआय पोर्टला मात्र डिस्प्लेपोर्टची भाषा येत नाही. त्यामुळे लॅपटॉपला फक्त एचडीएमआय आहे आणि मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट आहे, अशी स्थिती असेल तर ती केबल उलटी लावून कधीही चित्र येणार नाही. चोपड्याकडच्या एका जिनिंगच्या कार्यालयात अशा तीन केबली एकापाठोपाठ विकत घेतलेल्या मी पाहिल्या. तिन्ही चांगल्या होत्या आणि तिन्ही निरुपयोगी होत्या. तिथे एचडीएमआयमधून डिस्प्लेपोर्ट करणारा, स्वतंत्र यूएसबी वीज घेणारा कन्व्हर्टर लागतो. त्याआधी त्या मॉनिटरच्या मागे एचडीएमआय पोर्टही आहे का हे मात्र नक्की पाहावे, कारण पुष्कळदा ते असते आणि कापसाच्या तंतूंनी भरून गेल्यामुळे दिसत नाही. त्या कार्यालयात तेच होते. मऊ ब्रशने पोर्ट साफ केले, लॅपटॉपबरोबर आलेली साधी एचडीएमआय केबल लावली आणि काम झाले.

डिस्प्लेपोर्टची केबल काढताना एक काळजी घ्यावी. तिच्या टोकावर वरच्या बाजूला दाबायची कळ असते आणि तिचे दोन छोटे हूक पोर्टमध्ये अडकतात. एचडीएमआयची सवय असलेला माणूस ती तशीच ओढतो आणि पोर्टची पत्र्याची चौकट बोर्डावरून उचकटते. कळ दाबली की केबल अलगद निघते.

डिस्प्लेपोर्टचाच एक विचित्र वाटणारा दोष असा की, कॉम्प्युटर बंद केल्यावर पुन्हा चालूच होत नाही. पंखा किंचित हलतो, दिवा मंद राहतो आणि मॉनिटरची केबल काढली की लगेच चालू होतो. वर सांगितलेली विसावी पिन यास कारणीभूत असते. कन्व्हर्टरला वीज मिळावी म्हणून ती पोर्टमध्ये असते, पण कॉम्प्युटर ते मॉनिटर अशा साध्या केबलमध्ये ती जोडायची नाही असे मानक सांगते. काही स्वस्त केबलींत ती जोडलेली असते आणि मग मॉनिटरकडची ३.३ व्होल्ट वीज उलटी ग्राफिक्स कार्डात शिरते. मल्टिमीटर असेल तर केबलच्या दोन्ही टोकांच्या विसाव्या पिनांमध्ये बीप वाजतो का ते पाहावे. वाजला तर ती केबल वापरू नये, कारण ती ग्राफिक्स कार्डाला इजा करू शकते. केबल घेताना व्हेसाचे प्रमाणपत्र असलेली घ्यावी. या बाबतीत शंभर-दीडशे रुपये वाचवण्यात काही अर्थ नाही.

मोठ्या पडद्यांबद्दल आता वेगळी तक्रार येते. धुळ्याच्या एका फोटो स्टुडिओत लग्नांच्या अल्बमसाठी फोर-के टीव्ही मॉनिटर म्हणून लावला, चित्र आले, पण माउसचा बाण पाण्यातून ओढल्यासारखा मागे मागे येई. डिस्प्ले सेटिंगमधल्या अॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये पाहिले तर ३० हर्ट्झ. इथे थोडा हिशेब करण्यासारखा आहे. फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६० बिंदू. ते सेकंदाला ६० वेळा पाठवायचे, शिवाय प्रत्येक ओळीच्या आणि चित्राच्या मध्ये सोडायची मोकळी जागा धरायची, तर सेकंदाला ५९ कोटी ४० लाख बिंदू होतात. प्रत्येक बिंदूला २४ बिट आणि तारेवर पाठवताना दर ८ बिटांमागे २ बिटांचा वाढावा धरला की हा आकडा जवळपास १७.८ गिगाबिटवर जातो. २००९ च्या एचडीएमआय १.४ ची मर्यादा १०.२ गिगाबिट आहे, म्हणून त्याला फोर-के ३० हर्ट्झवरच झेपते. २०१३ च्या २.० ची मर्यादा १८ गिगाबिट आहे आणि ती नेमकी याच हिशेबाला पुरेशी आहे. तेव्हा कॉम्प्युटरचे पोर्ट, केबल आणि टीव्हीचे पोर्ट या तिघांपैकी एक जरी जुने असेल तरी सगळे ३० वर येते. स्टुडिओत कॉम्प्युटर व केबल दोन्ही योग्य होते, पण टीव्हीच्या तीन एचडीएमआय पोर्टांपैकी एकालाच पूर्ण वेग होता आणि त्यासाठीही टीव्हीच्या मेनूमध्ये त्या पोर्टची वाढीव क्षमता स्वतंत्रपणे चालू करावी लागत होती. ती चालू केल्यावर ६० हर्ट्झचा पर्याय दिसू लागला. त्याच मेनूमध्ये चित्राच्या कडा कापल्या जाऊ नयेत यासाठी ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ असा पर्यायही असतो. टास्कबार अर्धा दिसत असेल तर तोच निवडावा, कॉम्प्युटरकडे काही बदलू नये.

टाइप-सी पोर्टबद्दल एवढेच सांगतो की, त्या आकाराचे प्रत्येक छिद्र चित्र पाठवत नाही. पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टचे ‘डी’ आणि ‘पी’ जोडलेले चिन्ह किंवा थंडरबोल्टचे विजेच्या आकाराचे चिन्ह कोरलेले असेल किंवा लॅपटॉपच्या माहितीत तसे लिहिलेले असेल, तरच टाइप-सी केबल विकत घ्यावी.

शेवटचे कारण अर्थिंगचे आहे आणि त्यात पोर्ट खरोखर जळते, म्हणून ते मी सर्वांत गांभीर्याने सांगतो. कॉम्प्युटर एका खोलीतल्या बोर्डावर आणि टीव्ही किंवा प्रोजेक्टर दुसऱ्या बोर्डावर असेल आणि अर्थिंग नीट नसेल, तर दोघांच्या पत्र्यांमध्ये विद्युतदाबाचा फरक राहतो. केबल लावताना बोटाला बारीक झिणझिण्या येतात किंवा टोक टेकताना छोटी ठिणगी दिसते, ती याचीच खूण. व्हीजीएच्या जाड पिना हे बऱ्यापैकी सोसत. एचडीएमआयच्या बारीक पिनांमागे असलेली चिप एका ठिणगीत जाते आणि मग तो पोर्ट दुरुस्त होण्याची शक्यता कमी असते. म्हणून दोन्ही उपकरणे बोर्डातून पूर्ण काढून मगच डिस्प्लेची केबल जोडावी आणि नंतर वीज द्यावी. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाब वायरमनकडून मोजून घ्यावा. तो दोन-तीन व्होल्टांच्या वर असेल तर आधी अर्थिंग दुरुस्त करून घ्यावे. आमच्या काळ्या जमिनीला चैत्र-वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, खड्ड्यातली ओल जाते आणि पावसाळ्यात उत्तम असलेले अर्थिंग उन्हाळ्यात नावापुरते उरते. सावद्याच्या नानांनी आता अर्थिंगच्या खड्ड्यावर झाकण बसवले आहे आणि होळीनंतर दर चार दिवसांनी त्यात दोन बादल्या पाणी ओतण्याचे काम कार्यालयातल्या मुलाकडे दिले आहे.